चार बिऱ्हाडे, एक विहीर : सर्व्हरला स्मृती किती लागेल?

अशी कल्पना करा की एका शाळेने आपली चार छोटी संकेतस्थळे एकाच संगणकावर ठेवायचे ठरविले आहे. एकावर ग्रंथालयाची सूची, दुसऱ्यावर हजेरी, तिसऱ्यावर सूचनाफलक आणि चौथ्यावर परीक्षेचे निकाल. मागणी येताच माहिती पुरविणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. त्याला स्मृती, म्हणजे रॅम, किती लागेल? कमी घेतली तर नेमक्या निकालाच्या दिवशी तो कोलमडेल. भरमसाट घेतली तर शाळेचा पैसा वाया जाईल.

एका वाचकाचे काम चालू असताना दुसरा ताटकळू नये म्हणून प्रत्येक स्थळाच्या आज्ञावलीच्या दोन प्रती चालवू. एकूण प्रती झाल्या आठ. लिनक्स या कार्यप्रणालीला 'टॉप' अशी आज्ञा दिली की प्रत्येक प्रतीने किती स्मृती व्यापली आहे ते दिसते. समजा, हा आकडा ९० मेगाबाइट आहे. मग ८ × ९० = ७२०. बेरीज बरोबर, पण उत्तर चूक!

ते कसे? एखाद्या वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत आणि अंगणात एक विहीर आहे. प्रत्येकाला विचारले, "तुमच्याकडे विहीर आहे का?" तर चौघेही "हो" म्हणतील. म्हणून वाड्यात चार विहिरी होत नाहीत. स्मृतीचेही तसेच आहे. लिनक्स बहुतेक संगणकांवर स्मृतीची ४०९६ बाइटांची पाने पाडते. एका आज्ञावलीची दुसरी प्रत निघते तेव्हा सारी पाने लगेच उतरवून घेतली जात नाहीत. दोघी तीच पाने वापरतात. एखादीने पानावर काही लिहिले, की तेवढ्याच पानाची वेगळी नक्कल होते. 'टॉप' मात्र सामाईक पान दोघींच्याही नावावर मांडते.

आपल्या ९० मेगाबाइटांपैकी ४० सामाईक आहेत असे धरू. मग एका स्थळाला ४० + ५० + ५० = १४० आणि चार स्थळांना ५६० मेगाबाइट पुरतात. सामाईक पानांची अशी वाटणी करून काढलेला आकडा लिनक्स 'पीएसएस' या नावाने देते. बेरीज करायची ती त्याची.

माहितीसाठ्याच्या बाबतीत ही फसगत आणखी मोठी होते. पोस्टग्रेस ही आज्ञावली मूळ मांडणीत १२८ मेगाबाइटांचा एक सामाईक साठा राखते आणि प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया चालविते. दहा जोडण्या असल्या की तोच साठा दहा वेळा मोजला जाऊन १२८० मेगाबाइटांचा भास होऊ शकतो! प्रत्येक जोडणीचे स्वतःचे १० मेगाबाइट धरले तर खरा खर्च १२८ + १०० = २२८ इतकाच. कार्यप्रणालीला २०० दिले, की एकूण ९८८ मेगाबाइट झाले.

एक गिगाबाइट म्हणजे १०२४ मेगाबाइट. मग तेवढी रॅम पुरेल का? हा हिशेब सामान्य दिवसाचा आहे. निकालाच्या दिवशी त्या स्थळाच्या आणखी चार प्रती चालवाव्या लागल्या, तर ४ × ५० = २०० वाढून ११८८ होतात. सर्वांची गर्दी एकाच दिवशी नसते, म्हणून चौपट रॅम नको. पण सर्वांत मोठ्या गर्दीची जागा हवीच. येथे दोन गिगाबाइट घ्यावे.

रॅम अपुरी पडली की काही पाने तबकडीवर हलवितात. पण ती रॅमहून हजारो पटींनी संथ असते. मग संगणक काम सोडून पानांचीच ने-आण करीत बसतो. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये या अवस्थेची मीमांसा केली. तबकडीवरही जागा उरली नाही, तर लिनक्स एखादी प्रक्रिया सक्तीने बंद करते, आणि ती बहुधा सर्वांत जास्त स्मृती व्यापणारी असते. म्हणजे गर्दी निकालाची, पण बळी जाईल माहितीसाठ्याचा आणि चारही स्थळे एकदम बंद पडतील! यावर उपाय आहे. लिनक्समध्ये २००८ पासून प्रत्येक गटाला स्मृतीची कमाल मर्यादा घालता येते. निकालाच्या स्थळाला अशी मर्यादा घातली, तर अडचण त्याच्यापुरतीच राहते.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर 'फ्री' ही आज्ञा देऊन पहा. मोकळी स्मृती अगदी थोडी दिसेल. घाबरू नका, रिकाम्या रॅममध्ये लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फायली ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. म्हणून 'अव्हेलेबल' हा शेवटचा रकाना वाचा आणि चार-पाच आज्ञावल्या उघडून तो किती घटतो ते टिपून ठेवा.