महागडा रेडर आला म्हणजे कप आला का?

धान निघून चुरणे आटोपले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. त्यासोबत एक वादही ठरलेलाच असतो. बाहेरगावचा नावाजलेला रेडर आणायचा, की गावच्याच पोट्ट्यांना उतरवायचे? मंडळाकडे पैसा मोजकाच असतो, त्यामुळे निर्णय चुकला तर कपही जातो अन् गावची पोरंही नाराज होतात. मोठा खेळाडू संघ बदलतो तेव्हा खरंच काय होते, हे प्रो कबड्डी लीगकडे पाहिले की बरेच समजते.

संघ कोण बदलते?

अमेरिकेतील बास्केटबॉलच्या एनबीए लीगमध्ये करार संपलेला खेळाडू नवा संघ स्वतः निवडू शकतो. लेब्रॉन जेम्स २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला. तिथे त्याने २०१२ आणि २०१३ चे विजेतेपद मिळवले. केविन ड्युरंट २०१६ मध्ये ज्या गोल्डन स्टेटकडून हरला, त्याच संघात गेला अन् २०१७, २०१८ असे सलग दोनदा जिंकला. 'कपासाठी संघ सोडला' अशी टीका दोघांवरही झाली.

प्रो कबड्डीत तसे नाही. संघ काही खेळाडू राखून ठेवतो, बाकीचे लिलावात जातात. जो जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. जुन्या संघाला तेवढीच रक्कम देऊन खेळाडू परत घेण्याची सोय काही मर्यादेत असते. म्हणजे खेळाडूने कुठे खेळायचे हे बहुतेक वेळा बोलीच ठरवते.

नाव मोठे, पण कप नाही

परदीप नरवालने पाटणा पायरेट्सला सलग तीन विजेतेपदे मिळवून दिली. २०२१ च्या लिलावात यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांत घेतले. त्या हंगामात यूपी उपांत्य फेरीत पोहोचला, पण तिथे त्याला हरवले ते पाटण्यानेच. परदीप नसतानाही पाटणा अंतिम सामन्यापर्यंत गेला अन् दिल्लीकडून फक्त एका गुणाने हरला. पाटणा सोडल्यावर परदीपच्या हाती पुन्हा कप आला नाही. २०२५ च्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही, तेव्हा त्याने निवृत्ती जाहीर केली.

पवन सेहरावतचेही तसेच. बंगळूरु बुल्सच्या विजेतेपदाच्या सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण घेतले होते. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली अन् तो हंगामाबाहेर गेला. तरी थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांत घेतले. पवन खेळला, गुणही आणले, पण टायटन्स २२ पैकी दोनच सामने जिंकून सगळ्यात खाली राहिले.

असे का होते?

याचे उत्तर हिशेबात आहे. त्या हंगामात एका संघाला खेळाडूंवर ५ कोटी रुपयेच खर्च करता येत होते. त्यातले निम्म्याहून जास्त एकावरच गेले तर बाकी संघ उरलेल्या पैशात उभा करावा लागतो. रेडर एकटा गुण आणू शकतो, पण समोरचा रेडर आला की पकड सातांनी मिळून करावी लागते. कॉर्नर आणि कव्हरचा मेळ रोजच्या सरावातून बसतो, बोलीतून नाही. शिवाय रेडर बाद होऊन बाहेर बसला की त्याचे कोटी रुपयेही बाहेरच बसतात.

मग शादलुईला कसे जमले?

इराणचा मोहम्मदरेझा शादलुई मात्र दोन वर्षांत दोन संघांकडून जिंकला. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांत घेतले अन् कप जिंकला. पुढच्या वर्षी तो २ कोटी ७ लाखांत हरियाणा स्टीलर्सकडे गेला, तर कप हरियाणाने नेला.

यातली गोम अशी, की पलटण आधीच्या हंगामात उपविजेती होती आणि हरियाणाही आधीच्या हंगामात उपविजेताच होता. दोन्ही संघ तयार होते, एक माणूस कमी होता. पलटणकडे अस्लम इनामदार, पंकज मोहिते ही महाराष्ट्राची पोरं आधीपासून एकत्र खेळत होती. त्यात शादलुई आला तो मुख्यतः पकडीसाठी. ड्युरंट गेला तो गोल्डन स्टेटही आदल्याच वर्षी अंतिम फेरीत हरलेला होता.

गावच्या मंडळांनी काय घ्यावे?

बाहेरचा खेळाडू आणणे वाईट नाही. पण आधी संघात कमी काय आहे ते पाहावे. गुण येतात पण पकड होत नाही, असा संघ रेडर आणून सुधारत नाही, त्याला चांगला कॉर्नर लागतो. आणलेल्या खेळाडूला दोन-चार दिवस तरी गावच्या पोरांसोबत सराव करू द्यावा. आयोजकांनीही बाहेरचे किती खेळाडू चालतील हे पत्रकातच लिहावे, म्हणजे मैदानावर भांडण होत नाही. गावची सात पोरं वर्षभर एकत्र खेळत असतील, तर आठवा बाहेरून आलेला खरोखर कामाचा ठरतो.