पहिल्या पायरीवरचा नकार

समाजाची नीती ढासळते तेव्हा बहुतेकांचा दिनक्रम सुरळीत चालू असतो. मुलं शाळेत जातात, लग्नं लागतात, रविवारी प्रार्थनेची घंटा वाजते. काल जे बोलायला जीभ रेटत नव्हती ते आज कोणीतरी चारचौघांत बोलून जातो आणि ऐकणारे विषय बदलतात. परवा त्याचा कायदा होतो. एकेक पायरी इतकी लहान असते की तिच्यासाठी भांडण उकरून काढणं अतिरेकीपणाचं वाटतं. खाली पोहोचल्यावर मात्र वर पाहायचीही हिंमत होत नाही.

ही घसरण आणि तिच्यासमोर उभी राहिलेली ख्रिस्ती श्रद्धा, दोन्ही एकत्र तपासायची असतील तर १९३३ ते १९४५ या काळातल्या जर्मनीकडे जावं लागतं. १९३३ मध्ये त्या देशाची लोकसंख्या सुमारे साडेसहा कोटी होती. त्यांतले जवळजवळ चार कोटी प्रॉटेस्टंट, दोन कोटी कॅथलिक. ल्यूथरने बायबल जर्मन भाषेत आणलं ते याच भूमीत, बाखने उपासनेला संगीत दिलं तेही इथेच. त्याच देशाच्या राजवटीने बारा वर्षांत साठ लाख ज्यूंचा जीव घेतला. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा इतिहास परक्याचा म्हणून वाचता येत नाही. एवढी श्रद्धा होती, तर ती कुठे कमी पडली? आणि जिथे ती टिकली, तिथे कशाच्या बळावर टिकली?

सुधारणेच्या नावाने

या इतिहासातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की हिटलरचं स्वागत करणाऱ्या असंख्य ख्रिस्ती कुटुंबांना नैतिक अधःपतनाचीच चिंता होती. पहिल्या महायुद्धातला पराभव, पैशाची माती करणारी महागाई, बर्लिनची मोकाट रात्रजीवनशैली, शेजारच्या रशियात चर्चवर चाललेला वरवंटा, या सगळ्याने ती माणसं धास्तावली होती. शिस्त, कुटुंब, देव आणि देश यांची भाषा बोलणारा माणूस त्यांना हवा होता. २३ मार्च १९३३ ला राइशस्टागमधील, म्हणजे जर्मन संसदेतील, भाषणात हिटलरने दोन्ही ख्रिस्ती पंथ राष्ट्रजीवनाचा महत्त्वाचा आधार असल्याचं सांगितलं आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नीतीच्या रक्षणाची हमी मिळाली म्हणून लोक निश्चिंत झाले आणि त्या निश्चिंतीतच खरी घसरण सुरू झाली.

पहिली पायरी नऊ दिवसांतच आली. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर देशभर बहिष्कार पुकारला गेला. दारांवर तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक उभे राहिले. बर्लिनमध्ये युलिए बोनहोफर नावाची नव्वद वर्षांची आजी त्यांच्या रांगेतून सरळ आत गेली, नेहमीच्या दुकानात नेहमीसारखी खरेदी केली आणि बाहेर आली. तिने ना भाषण केलं, ना पत्रक काढलं. आपण कुठे खरेदी करायची हे रस्त्यावरचे दांडगट ठरवणार नाहीत, एवढंच तिने कृतीने सांगितलं. तिचा नातू डीट्रिश तेव्हा सत्तावीस वर्षांचा धर्मशास्त्राचा अध्यापक होता. त्याच महिन्यात ७ तारखेला सरकारी नोकऱ्यांतून ज्यूंना काढणारा कायदा आला आणि चर्चने काय करावं यावर डीट्रिशने निबंध लिहिला. राज्याला त्याच्या कृत्यांचा जाब विचारावा. राज्याच्या अन्यायाला बळी पडलेल्याला, तो ख्रिस्ती असो वा नसो, आधार द्यावा. आणि वेळ आलीच तर ते अन्यायाचं चाकच अडवावं, अशी त्याची मांडणी होती. तिसरं कलम ऐकून त्याचेच सहकारी चपापले.

चर्चच्या दारात

जुलै १९३३ च्या चर्च-निवडणुकांत हिटलरधार्जिण्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाला मोठं बहुमत मिळालं. सप्टेंबरमध्ये प्रशियाची चर्चसभा भरली तेव्हा अनेक प्रतिनिधी पक्षाच्या तपकिरी गणवेशात आले होते. ज्यू वंशाच्या पाळकांना आणि ज्यू वंशाच्या स्त्रीशी विवाह केलेल्या पाळकांना पदावरून दूर करण्याचा नियम तिथे मंजूर झाला. बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा रक्त मोठं ठरलं. तेव्हा मात्र ठिणगी पडली.

बर्लिनच्या डालेम भागातले पाळक मार्टिन नीमोलर यांनी देशभरातल्या पाळकांना साद घातली. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात पाणबुडीचे कप्तान होते, कट्टर राष्ट्रवादी होते आणि त्यांनी नाझींना मतही दिलं होतं. पण चर्चमध्ये वंशाचा कायदा चालणार नाही, यावर ते अडून बसले. काही महिन्यांत सुमारे सात हजार पाळक, म्हणजे देशातल्या एकूण प्रॉटेस्टंट पाळकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक, त्यांच्या संघटनेत आले. नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या क्रीडागृहात वीस हजारांच्या सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाच्या एका पुढाऱ्याने जुना करारच काढून टाकण्याची मागणी केली आणि कुंपणावरची माणसंही हादरली.

मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन या गावी वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट परंपरांचे प्रतिनिधी जमले. त्यांच्यासमोर ठेवलेल्या सहा कलमांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा. समितीतले इतर दोघे जेवणानंतर वामकुक्षी घेत असताना आपण कडक कॉफी आणि एकदोन ब्राझिलियन सिगारांच्या साथीने तो लिहून काढला, असं बार्थ पुढे सांगत. मुद्दा साधा होता: चर्चचा धनी एकच, येशू ख्रिस्त. त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाला, मग तो राष्ट्राचा तारणहार म्हणवणारा का असेना, बसवता येणार नाही. हिटलरवरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे बार्थ यांची बॉनमधली प्राध्यापकी गेली आणि १९३५ मध्ये ते बाझेलला परतले. नीमोलर १९३७ मध्ये पकडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत छळछावण्यांत राहिले. पाउल श्नायडर या खेड्यातल्या पाळकाने बुखेनवाल्डच्या छावणीत नाझी झेंड्यासमोर टोपी काढायला नकार दिला. त्याला कोठडीत टाकलं, तर हजेरीला उभ्या असलेल्या कैद्यांना तो खिडकीतून ओरडून धीर देऊ लागला. जुलै १९३९ मध्ये त्याला तिथेच मारण्यात आलं.

जे बोललं गेलं नाही

या धैर्याबद्दल आदर ठेवूनच पुढचं लिहायला हवं. बार्मेनच्या जाहीरनाम्यात ज्यूंचा उल्लेख नाही. चर्च स्वतःच्या घरासाठी लढलं. शेजाऱ्याचं घर जळत असताना चर्चमधले बहुतेक गप्प राहिले. बार्थ यांनी पुढे, आयुष्याच्या उत्तरार्धात, ही आपली चूक असल्याचं मान्य केलं. १९३८ मध्ये पाळकांना हिटलरवरच्या निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली गेली तेव्हा बहुसंख्यांनी ती घेतली.

हे मौन त्या वेळीच कोणाला खुपलं नव्हतं असं नाही. एलिझाबेथ श्मिट्झ ही बर्लिनमधली शाळाशिक्षिका. १९३५ मध्ये तिने ज्यूंच्या हालांवर एक सविस्तर निवेदन लिहिलं. वर्गात एकट्या पाडल्या जाणाऱ्या मुलांपासून उपजीविका तुटलेल्या कुटुंबांपर्यंत सगळं त्यात होतं, आणि चर्च यावर का बोलत नाही असा थेट सवालही. सुमारे दोनशे प्रती काढून तिने त्या जबाबदार मंडळींपर्यंत पोहोचवल्या. चर्चने भूमिका घेतली नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं, सिनेगॉग, जाळली गेली, त्यानंतर तिने नोकरी सोडली. असल्या राजवटीला हवं ते मुलांना शिकवणं तिच्या मनाला पटेना. पुढे तिने ज्यूंना आपल्या घरी लपवलं. ते निवेदन कित्येक वर्षं दुसऱ्याच व्यक्तीच्या नावावर मोडत होतं. १९७७ मध्ये ती वारली तेव्हा अंत्यविधीला सात माणसं होती.

त्याच नोव्हेंबरमध्ये ओबरलेनिंगनचे पाळक युलिउस फॉन यान यांनी वेदीवरून या हिंसेचा धिक्कार केला. जमावाने त्यांना बेदम मारलं, सरकारने तुरुंगात टाकलं. बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलमध्ये फादर बर्नहार्ड लिख्टेनबेर्ग रोज संध्याकाळी ज्यूंसाठी उघडपणे प्रार्थना करू लागले आणि १९४१ मध्ये अटक होईपर्यंत करत राहिले. डाखाऊच्या छळछावणीच्या वाटेवर १९४३ मध्ये त्यांचा अंत झाला. या माणसांची नावं थोडी आहेत. थोडी आहेत म्हणूनच ती टाळून पुढे जाता येत नाही.

करड्या बसगाड्या

१९३९ च्या शरद ऋतूत राज्याने मनोरुग्ण आणि अपंग यांना ‘जगण्यास अपात्र’ ठरवून मारायला सुरुवात केली. डॉक्टर अर्ज भरत, करड्या बसगाड्या रुग्णांना घेऊन जात आणि काही आठवड्यांनी घरी मृत्यूचं पत्र व राखेचा कलश येई. अपेंडिक्स आधीच काढलेला रुग्ण अपेंडिक्सने वारल्याचंही एखादं पत्र सांगे. हत्याकेंद्र असलेल्या हाडामारजवळच्या मुलांना या गाड्या ओळखू येऊ लागल्या होत्या. ती त्यांना खुनाची पेटी म्हणत, असं लिंबुर्गच्या बिशपांनी सरकारला लेखी कळवलं. पाळक पाउल ब्राउने यांनी १९४० मध्ये पुराव्यांसह निवेदन दिलं आणि तुरुंगवास ओढवून घेतला.

३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी हा प्रकार वेदीवरून उघड केला. उपयोग संपला म्हणून माणूस मारता येत असेल, तर उद्या म्हातारे, परवा जखमी होऊन आलेले सैनिक, कोणीच सुरक्षित नाही, हा त्यांचा युक्तिवाद प्रत्येक घराला भिडला. प्रवचनाच्या नकला हातोहात देशभर गेल्या. बिशपांना फासावर द्यावं असं काही नाझी पुढाऱ्यांचं मत होतं, पण लोक बिथरतील म्हणून ते लांबणीवर पडलं. २४ ऑगस्टला हिटलरने ही मोहीम थांबवण्याचा आदेश दिला. तोवर सत्तर हजार जीव गेले होते, आणि नंतरही उपासमारीने, इंजेक्शनने छुपी हत्या चालूच राहिली. नकला वाटल्याबद्दल ल्युबेकच्या तीन कॅथलिक धर्मगुरूंचा आणि एका ल्यूथरन पाळकाचा १९४३ मध्ये शिरच्छेद झाला. चौघे दोन पंथांचे, मरण एकच.

गालेन यांनीही ज्यूंसाठी असा आवाज उठवला नाही. पण या प्रसंगातून एक गोष्ट सिद्ध होते: राजवट सर्वशक्तिमान असतानाही जाहीर उच्चारलेल्या सत्याला ती घाबरली. मग जिथे कोणी बोललंच नाही, तिथलं मौन आणखी जड होतं.

सवयीने आलेलं धैर्य

जर्मनीबाहेर, फ्रान्सच्या डोंगराळ पठारावर ल शाँबाँ-स्युर-लिन्यों हे गाव आहे. इथले बहुसंख्य लोक ह्युगेनो प्रॉटेस्टंटांचे वंशज. १६८५ नंतर त्यांच्या पूर्वजांवर राजाने जो छळ लादला, त्याच्या आठवणी घराघरांत होत्या. फ्रान्सने शरणागती पत्करली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० च्या रविवारी, आंद्रे त्रोकमे आणि एदुआर तेइस या पाळकांनी मंडळीला सांगितलं की सक्तीला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करायचा. त्या हिवाळ्यात एका ज्यू बाईने पाळकाच्या घराचं दार ठोठावलं आणि मागदा त्रोकमे यांनी तिला आत घेतलं. पुढच्या चार वर्षांत शेतकऱ्यांनी, शाळांनी, खानावळींनी काही हजार निर्वासितांना आसरा दिला. १९४३ मध्ये पाळकांना अटक झाली तरी हे काम थांबलं नाही. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने अख्ख्या गावाचा सन्मान केला. तुम्ही एवढं कसं केलंत, असं विचारल्यावर गावकऱ्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसे. दारात आलेल्याला आत घेणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

सवयीचं हे मोल डीट्रिश बोनहोफरने ओळखलं होतं. लंडनमध्ये पाळक असताना त्याला गांधीजींच्या आश्रमात राहून अहिंसक प्रतिकार आणि सामुदायिक साधना शिकायची होती. १९३४ च्या अखेरीस गांधीजींचं निमंत्रणही आलं. पण बार्मेनमधून उभ्या राहिलेल्या विरोधी चर्चने पाळक घडवण्याची जबाबदारी सोपवली आणि भारताचा बेत राहिला. फिंकेनवाल्ड इथल्या त्या शाळेत दिवसाची सुरुवात व शेवट स्तोत्रांनी होई. एकच शास्त्रवचन आठवडाभर घेऊन रोज अर्धा तास मौन चिंतन चाले. एक नियम असा होता की गैरहजर बंधूबद्दल त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही. चुकून बोललं गेलं तर त्याला जाऊन सांगायचं. नियम मोडले जात, पण त्या मोडण्यातूनच आपल्या जिभेची ओळख होई. गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांनी १९३७ मध्ये शाळा बंद केली. तिथून बाहेर पडलेले सगळेच टिकले नाहीत. बोनहोफर टिकला. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित असताना तो महिन्याभरात मायदेशी परतला, हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गला फासावर गेला.

आपल्यापुरतं

या बारा वर्षांकडे पाहताना मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. श्रद्धेचा दाखला माणसाला वाचवत नाही. बाप्तिस्मा, उपासना, स्तोत्रं हिटलरच्या मागे जाणाऱ्यांकडेही होतीच. टिकले ते, ज्यांच्या श्रद्धेने रोजच्या वागण्यात आधीच जागा केली होती, आणि ज्यांनी ती स्वतःच्या पंथापुरती राखली नाही. स्वतःच्या हक्कांसाठी लढणारं चर्च धाडसी असू शकतं. ख्रिस्ताचं मात्र ते तेव्हाच होतं, जेव्हा ते वाटेवर पडलेल्या परक्यासाठी थांबतं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट हेच सांगते आणि ती प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते.

आजची घसरण फक्त सिनेमात, कपड्यांत, तरुणांच्या वागण्यात शोधणाऱ्या धर्मनिष्ठांबद्दल म्हणूनच मला काळजी वाटते. १९३३ ची सज्जन कुटुंबंही तिथेच शोधत होती. ती शोधायची जागा आपल्या अधिक जवळ आहे: एखाद्या समाजाबद्दलचा विखार व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आपण तो पुढे ढकलतो का, कामाच्या ठिकाणी एकाला वाळीत टाकलं जात असताना आपण त्याच्या शेजारी जेवायला बसतो का, भाड्याने घर द्यायचं नाही म्हणून कोणाचं आडनाव विचारलं जातं तेव्हा आपण काय बोलतो. या प्रश्नांना तुरुंगाची भीती नाही, फार तर थोडा वाईटपणा पदरी येईल. मोठ्या संकटात उभं राहायचं बळ याच किरकोळ वाईटपणातून साठतं. आजचा छोटा नकार आपल्याला परवडतो, तोवरच तो देऊन ठेवला पाहिजे.