दगडावरील दगडफूल : पुरातन वास्तूंचे भक्षक की रक्षक?

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडादेव येथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मंदिरसमूह उभा आहे. वालुकाश्मात कोरलेल्या तेथील शिल्पांमुळे त्यास 'विदर्भाचे खजुराहो' असे संबोधले जाते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1870 च्या दशकातील आपल्या अहवालात या स्थळाचे वर्णन केले आहे. अशा उघड्यावरील दगडी वास्तूंवर राखाडी, पिवळट, हिरवट वा काळे डाग दिसतात. सर्वसामान्यांना तो मळ वाटतो. परंतु त्यांतील बरेचसे डाग सजीव असतात. त्यांना शास्त्रीय परिभाषेत शैवाक आणि व्यवहारात दगडफूल म्हणतात. सावजी वा गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल याच कुळातले होय.

शैवाक म्हणजे काय?

शैवाक ही एकच एक वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो सहवास आहे. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. बुरशी त्यास निवारा व ओलावा देते. हे सत्य स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकात मांडले, तेव्हा अनेक विद्वानांनी ते नाकारले होते. शैवाकाचे कवचरूप, पर्णरूप व झुडूपरूप असे तीन मुख्य प्रकार आहेत. दगडाला घट्ट चिकटणारे कवचरूप शैवाक अत्यंत सावकाश, कित्येकदा वर्षाला एक मिलीमीटरहूनही कमी वाढते. त्यामुळे तळहाताएवढा डाग आपल्या आजोबांहूनही वयस्कर असू शकतो.

हानी कशी होते?

शैवाकाचे बुरशीतंतू दगडाच्या कणांमधील फटींत काही मिलीमीटरपर्यंत शिरतात. पावसाळ्यात ते पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. चंद्रपूर-गडचिरोलीत भरपूर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. वर्षानुवर्षे चाललेल्या या फुगण्या-आकसण्याने दगडाचे कण सैल होऊन सुटू लागतात. शिवाय शैवाक ऑक्झॅलिक आम्ल स्रवते. हे आम्ल दगडातील चुना व लोह यांच्याशी संयोग पावते आणि वालुकाश्माचे कण जोडणारा बंध क्षीण करते. मूर्तीचे नाक-डोळे, वस्त्रांची वळणे यांसारखे नाजूक कोरीव काम प्रथम पुसट होते. एकदा गेलेली ती रेघ कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

मग खरवडून का काढू नये?

येथेच खरी अडचण आहे. दगडात रुतलेले तंतू ओढून काढताना दगडाचा पृष्ठभागही सोबत येतो. कंबोडियातील अंकोरवाट मंदिरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 1986 ते 1993 या काळात काम केले. तेथील रासायनिक सफाई व ब्रशने घासणे यांवर पुढे जाणकारांकडून टीका झाली. काही ठिकाणी शैवाकाचा थर पावसाच्या माऱ्यापासून व तापमानाच्या चढउतारापासून दगडाचे रक्षणही करतो, असे अलीकडील संशोधनात आढळून आले आहे. म्हणून कोणते शैवाक, कोणत्या दगडावर व कोणत्या जागी आहे, याची परीक्षा करूनच ते काढावे की ठेवावे हे ठरवावे लागते.

पुरातत्त्व विभागाची विज्ञान शाखा 1917 पासून अशा कामात आहे. सौम्य अमोनिया व साबणद्रव्य मिसळलेले पाणी, मऊ ब्रश आणि नंतर जैवनाशक द्रव्याचा लेप ही तेथील रूढ पद्धत. मात्र ओल कायम राहिली तर शैवाक पुन्हा येतेच. गळके छत, तुंबलेली पन्हाळी व भिंतीलगत साचणारे पाणी यांचा बंदोबस्त हाच खरा उपाय होय. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जांभा दगडाच्या या ख्रिस्तमंदिराचा बाहेरील चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढण्यात आला आणि सच्छिद्र जांभा पावसाला उघडा पडला.

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट सुमारे 11 किलोमीटर लांबीचा आहे. 2017 मध्ये इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यावरील झाडेझुडपे काढण्याचे स्तुत्य कार्य हाती घेतले. पिंपळ-वडाची मुळे भिंत फोडतात. त्यापुढे शैवाकाचा धोका मंद आहे. धोक्यांचा असा क्रम ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

हवेचा साक्षीदार

शैवाकाला सल्फर डायऑक्साइड वायू सोसत नाही. विल्यम निलांडर यांनी 1866 मध्येच पॅरिसच्या दूषित हवेत शैवाके नाहीशी होत असल्याचे नोंदवले होते. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. तेव्हा एखाद्या शहरातील भिंत शैवाकाविना स्वच्छ दिसली तरी तिचे आरोग्य उत्तम आहे असे समजू नये. धुरातील आम्ल त्या दगडालाही झिजवीत असते.

आपण काय करावे?

आपल्या गावातील जुनी देवळे, ख्रिस्तमंदिरे, समाध्या वा दफनभूमीतील क्रूस स्वच्छ करण्याच्या सद्भावनेने तारेचा ब्रश, आम्ल, तैलरंग वा सिमेंट वापरू नये. प्रथम छायाचित्र काढून ठेवावे, पाण्याचा निचरा पाहावा आणि जाणकारांचा सल्ला घ्यावा. संरक्षित स्मारकाच्या बाबतीत तर पुरातत्त्व विभागाला कळविणे एवढेच आपले कर्तव्य आहे. शैवाकाला दगड झिजवायला शतक लागते. आपल्या हातातील तारेच्या ब्रशला एक दुपार पुरते.