खिरापतीची वाटी आणि वाण्याचा तराजू

गणेशचतुर्थी समीप आली, की घरोघरी खिरापतीची सिद्धता सुरू होते. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस या पंचखाद्याचे प्रमाण आजीने वाटीने सांगितलेले. वाणी मात्र ग्रॅमने तोलून देतो. येथेच गृहिणीची गफलत होते. वाटी एकच असली, तरी वजन एक नसते. २०० मिलिलिटरच्या वाटीत बेदाणे सुमारे १२० ग्रॅम भरतात. किसलेले सुके खोबरे मात्र जेमतेम ६५ ते ७० ग्रॅम. दाबून भरल्यास दोन्ही वाढतात. यास्तव आपल्या घरची वाटी प्रत्येक जिन्नसाने न दाबता, सपाट भरून एकदा तोलावी आणि ते अंक वहीत टिपून ठेवावेत. आजीच्या हातचे प्रमाण मग नातसुनेपर्यंत अचूक पोहोचेल आणि श्रींच्या नैवेद्यात काही उणे पडणार नाही.