पाण्याला वेसण घालणारी स्प्रिंग

भिलाईत सुपेल्याकडून कोहक्याकडे जाताना गच्च्यांवर काळ्या टाक्यांची रांग दिसते. त्यातली कुठलीही एक घ्या, हजार लिटरची. हजार लिटर पाणी म्हणजे चक्क एक टन वजन, आणि ते घराच्या डोक्यावर बसलेलं आहे. खाली न्हाणीघरातला नळ त्या पाण्याच्या पातळीपासून जेमतेम तीन मीटर खाली. आता सांगा, त्या एक टनातला किती जोर नळाशी पोचत असेल?

दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 300 ग्रॅम. बस्स, एवढाच. टाकी पाच हजार लिटरची आणली तरी 300 ग्रॅमच. त्याहून नवल म्हणजे टाकी काढून टाका आणि तिच्या जागी तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी भरलेली बोटाएवढी नळी उभी करा. तरीही 300 ग्रॅमच! पाणी किती आहे याला दाब भीक घालत नाही. ते किती उंच उभं आहे, एवढंच तो पाहतो. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने 1586 साली हे मांडलं. मला आजही गच्चीवरच्या टाकीकडे पाहताना ते खरं वाटायला क्षणभर वेळ लागतो.

हिशेब लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो. प्लंबर मंडळी त्यालाच ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात. कोहक्यातल्या बैठ्या घरात तिसरा हिस्सा किलोही भरत नाही, म्हणून तिथे शॉवरखाली उभं राहिलं की धार कमी पडते आणि लोक प्रेशर पंप बसवतात. त्याच घरातली मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात बावीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली, तर टाकी तिच्या डोक्यावर साठ-पासष्ट मीटरवर असेल. म्हणजे सहा किलोंहून जास्त, माहेरच्या नळाच्या वीसपट. मुंबईत लोअर परळची वर्ल्ड वन इमारत 280 मीटर उंच आहे. तिथे वरपासून खालपर्यंत पाण्याचा एकच सलग खांब उभा केला, तर तळाशी 28 किलो दाब भरेल. समुद्रात 280 मीटर खोल गेल्यावर जेवढा असतो तेवढा!

एवढ्या दाबाला घरातला नळ कसा पुरणार? फ्लश टँकची प्लास्टिकची नळी, हेल्थ फॉसेटचा पाइप, वॉशिंग मशीनचा जोड, हे सगळे पहिले बळी. पण दाब नुसता फोडतोच असं नाही, तो धावतोही. नळातून येणारी धार दाबाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. दाब चौपट झाला की धार दुप्पट. दात घासताना नळ सोडून ठेवायची सवय असेल, तर उंच इमारतीच्या तळमजल्यावर ती सवय कितीतरी महाग पडते.

आणि नळ झटकन बंद केला की भिंतीत ‘धड्’ असा आवाज येतो, तो ऐकलाय? पाइपातून धावणारं पाणी अचानक अडतं, आणि मागून येणारं पाणी त्याच्यावर आदळतं. हा धक्का पाइपात आवाजाच्या वेगाने मागे पळतो. निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून 1898 साली त्याचं गणित प्रसिद्ध केलं. लोखंडी पाइपात सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम थांबवलं, तर दाब क्षणभर दहा किलोंहून जास्त उसळतो. एक मीटर म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याचा वेग! मुळातला दाब आवाक्यात असेल तर पाणीही बेताने धावतं, आणि हा दणका सौम्य होतो.

मग उंचावरून येणाऱ्या पाण्याला आवरायचं कसं? पूर्वीच्या लोकांचं उत्तर फार देखणं होतं. पाणी परत उघड्यावर आणायचं. पॉम्पेईच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सुमारे सहा मीटर उंचीचे दगडविटांचे मनोरे होते. वरच्या वस्तीतून येणारं पाणी मनोऱ्यावरच्या शिशाच्या टाकीत चढायचं. टाकी उघडी, म्हणजे आधीचा सगळा दाब तिथे पुसला जायचा, आणि पुढच्या घरांना फक्त त्या सहा मीटरचा दाब मिळायचा. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी नहर बांधली. तिथल्या नहरींच्या वाटेवर हवा आणि दाब मोकळा करणारे पोकळ खांब आहेत. पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, त्या नळाचे उसासेही याच जातकुळीतले. आजही सह्याद्रीच्या उतारावरच्या नळपाणी योजनांत ‘बीपीटी’ नावाची टाकी असते, म्हणजे ब्रेक प्रेशर टँक. डोंगरावरून सुसाट आलेलं पाणी त्या टाकीत पडतं आणि नव्याने शून्यापासून सुरुवात करतं.

पण बावीस मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक घराबाहेर मनोरा कुठे बांधणार? इथे आपली खरी नायिका येते. मुठीत मावणारी पितळी वस्तू, प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, कारागिरांच्या तोंडी ‘पीआरव्ही’. विजेची वायर नाही, बॅटरी नाही, चिप नाही. आत एक स्प्रिंग, एक रबरी पडदा आणि पाण्याची वाट उघडझाप करणारी एक छोटी चकती. एवढ्यावर ती रात्रंदिवस दाब राखते. कशी?

वाण्याचा जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. एका पारड्यात दोन किलोचं वजन, दुसऱ्यात वाणी तांदूळ ओततोय. पारडी समतोल झाली की हात थांबतो. कोणी पारड्यातून मूठभर तांदूळ उचलले की हात पुन्हा ओतू लागतो. पीआरव्हीत वजनाच्या जागी स्प्रिंग आहे. ती वरून पडद्यावर रेटा देते आणि वाट उघडी ठेवायला बघते. तांदळाच्या जागी तुमच्या घराच्या बाजूचं पाणी आहे. ते खालून पडदा वर ढकलतं आणि वाट मिटवायला बघतं. घरातले सगळे नळ बंद असले की पाणी आत साठत दाब वाढवतं, आणि स्प्रिंगच्या रेट्याची बरोबरी झाली की चकती बसते. तुम्ही नळ उघडलात की घराकडचा दाब जरासा पडतो, स्प्रिंग जिंकते आणि वाट उघडते. नळ थोडा उघडलात तर थोडी, पूर्ण उघडलात तर जास्त. वाणी इथे कोणीच नाही. पाणी स्वतःच स्वतःला मोजतं.

आपला परिणाम पाहून आपणच आपल्याला आवरायचं, ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने पाणघड्याळात तरंगत्या वस्तूने धार आवरली, असं मानतात. कोहक्याच्या गच्चीवर टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक त्याचाच वारसदार आहे. 1868 साली जेम्स क्लर्क मॅक्सवेलने अशा स्वयंनियंत्रक यंत्रांवर आख्खा शोधनिबंध लिहिला. त्यातला विचार आज विमानापासून फ्रिजपर्यंत सगळीकडे आहे.

आता त्या स्प्रिंगची ताकद पाहा. पडद्याचा व्यास पाच सेंटिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस सेंटिमीटर. घराकडे दोन किलो दाब ठेवायचा, तर पडद्यावर पाण्याचा रेटा झाला चाळीस किलो. तेवढ्याच रेट्याने स्प्रिंग त्याला थोपवून धरते. सिमेंटच्या गोणीहून थोडंच कमी वजन, तुमच्या इमारतीच्या पाइपांच्या शाफ्टमधल्या त्या पितळी मुठीत! पडदा मोठा आणि चकती लहान ठेवण्यामागेही कारण आहे. बाहेरून येणारा दाब फक्त त्या इवल्या चकतीवर लागतो, म्हणून तो सहावरून आठ किलो झाला तरी घरातल्या दोनात फारसा फरक पडत नाही.

आणि मधले चार किलो गेले कुठे? निसर्गात काही नाहीसं होत नाही. चार किलो दाब म्हणजे चाळीस मीटर उंची, म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या आत चाळीस मीटरचा धबधबा कोसळतोय. त्याची ऊर्जा उष्णता होते. जेम्स ज्यूलने 1845 साली हिशेब मांडला होता की नायगाराचं पाणी खाली पडताना अंशाच्या पाचव्या भागाने तापत असेल, अर्थात फॅरनहाइटमध्ये. तुमच्या व्हॉल्व्हमधून गेलेलं पाणीही सेल्सिअस अंशाच्या सुमारे दहाव्या भागाने गरम होऊनच बाहेर पडतं. बोटाला कधी कळणार नाही, पण होतं.

या धबधब्याची एक धास्तीही आहे. चकतीजवळच्या अरुंद फटीतून पाणी इतक्या वेगाने निसटतं की तिथला दाब कोसळतो, आणि थंडगार पाणी चक्क उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे जाताच फुटतात. प्रत्येक फुटणं म्हणजे पितळेवर एक सूक्ष्म घाव. व्हॉल्व्हमधून सतत सूं सूं किंवा खडखड येत असेल तर हे होत असण्याची शक्यता आहे. म्हणूनच फार मोठा दाब एका टप्प्यात उतरवत नाहीत, दोन टप्प्यांत उतरवतात.

असं हे यंत्र बिघडतं कशामुळे? बहुतेक वेळा वाळूच्या एका कणामुळे. रस्त्यात जलवाहिनीचं काम झालं किंवा टाकी धुतली की गाळ सुटतो. एक कण चकती आणि तिच्या बैठकीच्या मध्ये अडकला की वाट पूर्ण मिटत नाही. दिवसा कळत नाही, कारण नळ चालू असतात. रात्री सगळं बंद असताना पाणी त्या फटीतून झिरपत राहतं आणि घरातला दाब हळूहळू थेट बाहेरच्या दाबाइतका चढतो. पहाटे पहिला नळ उघडताना फस्सकन जोरदार धार आली आणि मग ती शांत झाली, तर समजा, चकती नीट बसत नाही.

याची खात्री करायला एक साधा प्रेशर गेज पुरतो, आणि मला वाटतं पीआरव्हीच्या पुढे तो कायमचा बसवलेला असावाच. गिझर बंद करा, सगळे नळ बंद करा आणि तासाभराने काटा पाहा. जागेवर असेल तर सगळं ठीक. चढला असेल तर आधी व्हॉल्व्हच्या अलीकडची जाळी, म्हणजे वाय-स्ट्रेनर, उघडून धुवा. बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं. जाळी नसेल तर बसवून घ्या. दाब उलट पडला असेल, सगळीकडे धार बारीक झाली असेल, तरीही पहिली संशयित ती जाळीच. मात्र स्प्रिंगवरच्या टोपीतून, दाब ठरवणाऱ्या स्क्रूच्या कडेने पाणी ठिबकत असेल तर पडदा फाटला आहे. बोअरच्या जड पाण्यात आतल्या भागांवर पांढरा थर चढतो, तो धुऊन निघाला नाही तर आतला संच बदलावा लागतो.

आपल्या घरी पीआरव्ही नाही, असं कोहक्यातला वाचक म्हणेल. तीन-चार मजली घराला त्याची गरजही नसते. पण आरओ बसवायला आलेल्या माणसाने, घरात प्रेशर पंप असेल तर, आत जाणाऱ्या बारीक नळीवर एक छोटा प्लास्टिकचा डबा लावलेला असू शकतो. वाकून बघा. तोही पीआरव्हीच, अगदी चिमुकला.

मोठा व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर काम प्लंबरचंच, पण समोर उभं राहून काय पाहायचं ते सांगतो. आधी दोन्ही बाजूंचे बॉल व्हॉल्व्ह बंद, मग एक नळ उघडून आतला दाब मोकळा, मग स्क्रू पूर्ण सैल. त्या चाळीस किलोंना विसरून कोणी टोपी उघडायला गेलं तर स्प्रिंग तोंडावर येईल. जुना निघाला की नवा लावण्याआधी पाइपातून बादलीभर पाणी जाऊ द्या, सुटलेली घाण निघून जाईल. टेफलॉन टेपचे धागे आत लोंबू देऊ नका, एक धागा वाळूच्या कणाचंच काम करतो. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण पाण्याच्या वाटेने घराकडे हवा. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, असेल तर पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही.

मग दाब ठरवायचा. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की बहुतेक व्हॉल्व्हमध्ये दाब वाढतो. घराला दोन-तीन किलो भरपूर होतात. इथे एक गंमत दिसेल. दाब कमी करायला स्क्रू सैल केला तरी गेजचा काटा हलतच नाही! बिघडला का? नाही. आधीचं पाणी बंद पाइपात कोंडलेलं आहे, त्याला जायला वाट नाही. एक नळ क्षणभर उघडून बंद करा, काटा लगेच नव्या जागी येतो. मग लॉकनट घट्ट करायचा.

आणि जाता जाता गिझरकडे एक नजर. पीआरव्ही लागला की पाण्याला मागे परतायची वाट बहुधा मिटते. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापलं की ते जवळजवळ दीड टक्क्याने फुगतं, म्हणजे सुमारे पावणेचारशे मिलिलिटर. पाणी दाबलं जात नाही, मग हे जास्तीचं पाणी जाणार कुठे? गिझरच्या खाली असलेल्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर. गिझर तापत असताना तिथून पडणारे थेंब गळती समजून बरेच जण तो व्हॉल्व्ह बुजवून टाकतात. तसं कधीही करू नका. त्याला एक बारीक नळी जोडा आणि ती मोरीच्या जाळीपर्यंत नेऊन सोडा.