काळ्या मातीच्या अंगणात खडीची बाग

पावसाळा लागला की वऱ्हाडातल्या अंगणाची काय दशा होते, हे तुम्हांला सांगायला नको. पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पोरांच्या पायांनी चिखल ओसरीवर येतो. तीच माती एप्रिलात भेगाळते. त्यात पूर्णेच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा! दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडच्या कित्येक गावांत विहिरीचे पाणीच खारट. तेव्हा अंगणात बाग कसली, असे घरधनीण म्हणाली तर तिचे काय चुकले?

भूमध्य समुद्राकाठी, म्हणजे इटली, ग्रीस, स्पेनकडे, उन्हाळा कोरडा जातो. तिथे घरापुढच्या चौकात खडी पसरतात व थोड्या पाण्यावर जगणारी झाडे लावतात. इंग्लंडात बेथ चॅटो या बाईंनी १९९० नंतर मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर खडीची बाग केली. तिला वरून पाणी घालत नाहीत. कल्पना घेण्यासारखी आहे, पण नक्कल नको. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्याकडे जूनपासून चार महिने. तिथली लव्हेंडरसारखी झाडे आपल्या ओल्या काळ्या मातीत मुळाशी कुजतात. मात्र डाळिंब, अंजीर आणि कण्हेर ही तिथलीही आणि आपलीही. इतर पुष्कळ झाडांपेक्षा ती खारे पाणी बरे सोसतात. जोडीला बोगनवेल व कोरफड लावा.

खरी मेहनत जमिनीखाली आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर नुसती गिट्टी टाकाल तर दोन पावसाळ्यांत ती गिळून बसेल! एप्रिल-मे महिन्यांत वीतभर माती खोदून काढा. शेतात टाकली तर वाया जात नाही. तळाला भिंतीपासून दूर उतार द्या. त्यावर खताची रिकामी, धुतलेली विणीची पोती उसवून अंथरा, म्हणजे माती वर येणार नाही. मग मुरूम पसरून पाणी शिंपडा व धुम्मसाने ठोका. वर दोन बोटे बारीक गिट्टी पुरे. जाड थरात म्हाताऱ्या माणसांचा पाय डगमगतो. गिट्टी-मुरूम पावती घेऊन खदानीवरूनच आणा. नाल्यातले गोटे-रेती विनापरवाना उचलणे कायद्याने गुन्हा आहे.

आपली गिट्टी काळ्या दगडाची असते. अकोल्याच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती तव्यासारखी तापते आणि रात्री अंगणातल्या बाजेवर झोपणाऱ्याला तिची धग लागते. म्हणून ती निंबाच्या सावलीत किंवा वेलाच्या मांडवाखालीच पसरावी. सारे अंगण तर मुळीच झाकू नये. पापड-कुरडया, तूर-मूग वाळवायला सारवलेली जागा हवीच, आणि तुळशीवृंदावनापुढेही.

झाडांचे खड्डे दोन फुटांचे घ्या. त्यांत निम्मा मुरूम, बाकी काळी माती व कुजलेले शेणखत भरा. पहिला चांगला पाऊस झाला की रोपे लावा, पण बुंधा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवा. न्हाणीचे पाणी वळवायचे असेल तर ते अंगणात साचू देऊ नका. खाऱ्या विहिरीचे पाणी वर्षभर घातले की मातीत क्षार साठतात. पावसाचे पाणी खड्ड्यात मुरले, तर ते धुऊन खाली जातात. त्यामुळे पावसाळ्यात आळी बुजवू नका.

कण्हेरीबद्दल मात्र सावध असा. पान, फूल, फांदी, सारेच विषारी. बैल, गाय, शेळी बांधता तिथे किंवा लहान मूल खेळते तिथे ती लावू नका. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर न टाकता खोल पुरा, आणि चुलीतही घालू नका. तिचा धूरही घातक असतो.