गोदाकाठाने फिरायचंय? सुरुवात पैठण रोडने नको!

नदीकाठच्या प्रवासासाठी लोक थेट ऋषिकेश गाठतात. आपल्याला छत्रपती संभाजीनगरहून गोदावरी तास-दीड तासावर, तरी पैठण म्हटलं की फक्त साडी आठवते.

आधी नगर रोडने कायगाव-टोका गाठा. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. टोक्याच्या सिद्धेश्वर मंदिराचं दगडी कोरीवकाम अगदी जवळ जाऊन, सावकाश पाहा.

मग पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. अंतर वीस दिवसांचं, रस्ते नसलेल्या मुलखातून! संत एकनाथांची समाधी, नाग घाट चुकवू नका. हिवाळ्यात इथल्या नाथसागर जलाशयावर फ्लेमिंगो येतात, पहाटेच निघा.

पुढे नांदेड: गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ मधलं अखेरचं वास्तव्य, सचखंड गुरुद्वारा.

घळई मात्र मराठवाड्यात शोधू नका, इथे नदी सपाटीवरून पसरून वाहते. डोंगरांच्या चिंचोळ्या फटीतली गोदावरी पाहायची तर आंध्रातलं पापिकोंडालू. राजमहेंद्रीहून बोटीच्या सहली निघतात; पुराच्या दिवसांत बंद असतात, आधी चौकशी करा.